हातातला कागद

माझ्या गाण्याच्या बाईंच्या खोलीत, तानपुरे ठेवायच्या कोपऱ्याच्या बरोबर वर, त्यांच्या गुरूंची काळ्या लाकडी चौकटीतली तसबीर होती. गुरुजी बसलेले, डोळे मिटलेले, एक हात मांडीवरच्या स्वरमंडळावर आणि दुसरा हवेत अर्धवट उचललेला. जणू तान नुकतीच त्या हातातून सुटली आहे आणि हात अजून तिच्या मागोमाग जातो आहे. शिकवणी सुरू होण्याआधी आम्ही प्रथम त्या तसबिरीला आणि मग बाईंना नमस्कार करीत असू. संगीतकाराचे चित्र म्हणजे असे, हे तेव्हापासून मनात इतके पक्के बसले होते की, पुढे जर्मनच्या वर्गात पाठ्यपुस्तकाच्या एका पानावर योहान सेबास्टियन बाखचे चित्र पाहिले तेव्हा त्यात मला संगीतकार दिसेचना. पांढरा टोप घातलेला, गालांनी भरलेला, कपाळाला किंचित आठी पडलेला एक वयस्क गृहस्थ, अंगात चांदीच्या बटणांचा काळपट कोट, आणि उजव्या हातात आपल्याकडे वळवून धरलेला एक लहानसा कागद. वाद्य नाही, उघडे तोंड नाही, मिटलेले डोळेही नाहीत. त्या कागदावर सुरांच्या खुणा आहेत हे मला दिसले, पण बाई नेहमी म्हणायच्या, "कागदावर गाण्याचा नुसता सांगाडा राहतो", आणि त्या वाक्याच्या छायेत वाढलेल्या मला तो कागद त्या चित्रातली सर्वांत निर्जीव वस्तू वाटली.

मी ते चित्र फार चुकीचे पाहिले होते, आणि ही चूक लक्षात यायला मला तीस वर्षे लागली.

गेल्या वर्षी भाचीकडे जर्मनीत राहायला गेले असता आम्ही दोघी लाइप्झिगला गेलो. बाखने आयुष्याची शेवटची २७ वर्षे या गावात काढली. १७२३ पासून १७५० पर्यंत तो सेंट थॉमस चर्चचा कॅन्टर, म्हणजे मुलांना गाणे शिकवणारा आणि गावातल्या मुख्य चर्चमधल्या संगीताची जबाबदारी वाहणारा नोकरदार होता. ज्या शाळेच्या इमारतीत त्याचे बिऱ्हाड होते ती १९०२ मध्ये पाडली गेली. पण चर्च आहे, चर्चसमोर त्याचे स्नेही असलेल्या बोझे या व्यापारी कुटुंबाचे घर आहे, त्या घरात आता बाख संग्रहालय आहे, आणि तेथून पायी काही मिनिटांवर जुना टाऊन हॉल आहे, जिथे मे १७२३ मध्ये त्याने नोकरीच्या करारावर सही केली. त्या टाऊन हॉलमध्ये एक आणि संग्रहालयात एक, अशी त्या चित्राची दोन रूपे आज लाइप्झिगमध्ये आहेत. दोन्ही एलियास गोटलोब हाउसमान या एकाच चित्रकाराच्या हातची. पहिले १७४६ चे, दुसरे त्याने स्वतःच १७४८ मध्ये पुन्हा रंगवलेले. बाखची म्हणून पुढे आलेली तरुणपणाची आणि मध्यमवयातली आणखी चित्रे आहेत, पण त्यांच्यापैकी एकाबद्दलही जाणकारांची खात्री नाही. ज्याच्या संगीताचे हजारावर नग आज क्रमांक लावून ठेवलेले आहेत, त्याचा चेहरा निःशंकपणे सांगणारा साक्षीदार हा एकच चित्रकार आहे, आणि तो भेटतो तेव्हा बाखने साठी ओलांडलेली असते.

हाउसमान लाइप्झिगच्या नगरपरिषदेचा अधिकृत चित्रकार होता. गावातले व्यापारी, प्राध्यापक, परिषदेचे सदस्य यांची चित्रे करणे हा त्याचा रोजचा उद्योग. त्याची म्हणून ओळखली जाणारी एक जुनी कामगिरी याच टाऊन हॉलच्या संग्रहात आहे आणि ती पाहिल्यावरच मला बाखचे चित्र उमगू लागले. ती आहे गोटफ्रीड राइखे या गावच्या तुताऱ्याची, १७२७ च्या सुमाराची. बाखच्या कितीतरी रचनांमधले उंच स्वरांचे तुतारीवादन ज्याच्या छातीच्या जोरावर उभे राहिले, तो हा राइखे. १७३४ मध्ये राजासाठी रचलेल्या बाखच्याच एका कृतीत वाजवून दुसऱ्या दिवशी तो गेला. चित्रात त्याच्या एका हातात वेटोळी तुतारी आहे आणि दुसऱ्या हातात सूर लिहिलेला कागद. याचा अर्थ वादकाला त्याच्या वाद्यासकट कसे बसवायचे हे हाउसमानला चांगले ठाऊक होते. वीस वर्षांनी त्याच्यासमोर असा माणूस बसला, ज्याला ऑर्गनवादक म्हणून सबंध जर्मनी ओळखत होती, आणि तरी त्या चित्रात ऑर्गनचा एक पडदाही नाही. वाद्य गेले आणि कागद तेवढा राहिला. हा निर्णय चित्रकाराचा असेल असे मला वाटत नाही.

त्या कागदाची हकिगत अशी. लोरेन्झ मिट्स्लर नावाच्या, एकेकाळी बाखकडे शिकलेल्या एका विद्वानाने संगीतशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांची एक सभा स्थापन केली होती. त्या काळचा नामवंत संगीतकार टेलेमान तिचा सदस्य होता, तितक्याच नामवंत हँडेलला तिने मानाचे सदस्यत्व दिले होते. सदस्याने आपले चित्र सभेला द्यावे असा तिचा नियम होता. बाख जून १७४७ मध्ये चौदावा सदस्य झाला आणि हाउसमानचे चित्र याच कारणाने करवून घेतले गेले असे सामान्यतः मानले जाते. बाखच्या नावातील अक्षरांना वर्णमालेतले क्रमांक दिले तर त्यांची बेरीज चौदा येते, म्हणून तो मुद्दाम चौदावा होण्यासाठी थांबला, असेही हौसेने सांगितले जाते. मला या आकडेमोडीचे फारसे आकर्षण नाही, कारण तिच्यात रमणारा माणूस कागदावर प्रत्यक्ष काय लिहिले आहे ते वाचायला विसरतो.

कागदावर लिहिले आहे, ‘सहा आवाजांचा तिहेरी कॅनन’. कॅनन म्हणजे एका आवाजाच्या ओळीमागोमाग, ठरावीक अंतराने, दुसरा आवाज तीच ओळ घेऊन येतो अशी रचना. आणि त्याखाली ओळी आहेत फक्त तीन. उरलेले तीन आवाज कागदावर नाहीत; ते वाचणाऱ्याने शोधून काढायचे आहेत. उत्तर असे आहे की, प्रत्येक ओळ सुरू झाल्यावर एका मापाच्या, म्हणजे तालाच्या एका खंडाच्या, अंतराने तिचेच उलटे रूप तिच्यात मिसळते. मूळ ओळ जिथे चढते तिथे उत्तर उतरते, मूळ जेवढे उतरते तेवढे उत्तर चढते. एकीचा आरोह ही दुसरीचा अवरोह. तिन्ही ओळी आपापल्या प्रतिबिंबासह गायल्या की सहा आवाज होतात, आणि शेवटाला पोहोचल्यावर पुन्हा आरंभ करता येतो. हा कॅनन बाखने छापून सभेच्या सदस्यांनाही पाठवला होता. पुढे १९७४ मध्ये स्ट्रासबुर्गला गोल्डबर्ग व्हेरिएशन्सची, म्हणजे आरिया नावाच्या एका मूळ सुरावटीवर रचलेल्या त्याच्या वाद्यकृतीची, बाखच्या स्वतःच्या वापरातली छापील प्रत सापडली. तिच्या शेवटच्या पानावर त्याच्या हस्ताक्षरात चौदा कॅनन निघाले, आणि त्यांतला तेरावा म्हणजे या चित्रातला कागद होता. सगळे चौदा एकाच पायावर उभे होते, त्या आरियाच्या खर्जातल्या पहिल्या आठ स्वरांवर.

ते आठ स्वर मी हॉटेलच्या खोलीत सरगममध्ये लिहून पाहिले आणि थबकले. जर्मन लोक ज्याला ‘जी’ म्हणतात त्याला षड्ज धरले तर ते होतात: सा नी ध प, ग म प सा. सगळे शुद्ध. पहिल्या महिन्यात शिकणाऱ्या मुलीलाही गाता यावेत असे. तीस वर्षे ज्या कागदाला मी सांगाडा समजत होते, तो मला वाचता येत होता.

मग दुसऱ्या दिवशी मी पुन्हा संग्रहालयात गेले आणि चित्रासमोर बराच वेळ उभी राहिले. आता मला तो हात दिसला. कागद बाखच्या नजरेकडे वळलेला नाही. सूर आपल्याला सुलट वाचता येतील असा तो धरला आहे. विद्वान मंडळींच्या चित्रांत ग्रंथ असतात, पण ते बहुधा टेबलावर पडलेले किंवा बोट खुपसून मिटलेले असतात. ग्रंथ माझा आहे, एवढेच ते सांगतात. इथे कागद पुढे आला आहे, आणि त्यावर जे आहे ते अर्धेच आहे. बंदिशीची स्थायी सांगून गुरू थांबतो आणि शिष्येकडे पाहतो, त्या क्षणाची मला आठवण झाली. बाई अशाच पाहायच्या. कपाळाला हीच आठी, आणि तिचा अर्थ राग नसून प्रतीक्षा असा होता, हे कळायला मला तेव्हाही काही वर्षे लागली होती.

त्या आठीवर पुढच्या लोकांनी फार भार टाकला. बाखच्या मृत्यूनंतर पहिली पन्नास वर्षे हा चेहरा मुख्यतः शिष्यांच्या आणि मुलांच्या घरांत राहिला. मुलांपैकी कार्ल फिलिप इमॅन्युएल याने हॅम्बुर्गमध्ये संगीतकारांच्या चित्रांचा मोठा संग्रह केला होता, आणि १७७२ मध्ये त्याला भेटायला गेलेल्या इंग्रज प्रवासी चार्ल्स बर्नीने त्यात त्याच्या वडिलांचे आणि आजोबांचे तैलचित्र पाहिल्याचे नोंदवले आहे. आजोबांचे ते चित्र आता बर्लिनच्या ग्रंथालयात आहे: आइझेनाखचा गाववादक योहान आम्ब्रोझिउस, टोपाविना, स्वतःच्या केसांत, सैल सदऱ्यात, घरातल्यासारखा. बापाच्या त्या मोकळेपणाशेजारी मुलाचा बंद बटणांचा कोट ठेवून पाहिला की मधल्या पिढीत संगीतकाराने सामाजिक पायरी किती चढली, हे शब्दांविना कळते. याच कोटावरून घडलेला एक प्रसंग बर्लिनचा संगीतकार त्सेल्टर याने कवी गोएटेला पत्रात कळवला आहे. बाखचा शिष्य किर्नबेर्गर याच्या बर्लिनच्या घरी दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर, त्याच्या वाद्याच्या वर, गुरूचे चित्र होते. लाइप्झिगहून आलेला एक सधन कापडव्यापारी ते पाहून म्हणाला की, हा तर आमचा कॅन्टर, मोठा उद्धट माणूस होता म्हणतात, आणि काय हा मखमली कोट घालून चित्र काढवून घेतले आहे. किर्नबेर्गर शांतपणे उठला, पाहुण्याच्या खुर्चीमागे गेला आणि आधी हळू, मग चढत्या आवाजात "कुत्र्या, बाहेर हो!" असे ओरडत त्याने त्याला दारापर्यंत घालवले, मग चित्र आणि ती खुर्ची स्वच्छ करवून घेतली. ज्याने गुरूच्या तसबिरीला रोज हार घातला आहे, त्याला या माणसाचे वागणे समजावून सांगावे लागत नाही. वाद्याच्या वरची ती जागासुद्धा तीच, आमच्या बाईंच्या खोलीतली.

मात्र १८०० च्या आसपास चित्राचे काम बदलले. १७९९ मध्ये लाइप्झिगच्या संगीतविषयक साप्ताहिकात लंडनस्थित कोलमान या जर्मन ऑर्गनवादकाने काढलेली एक सूर्याकृती छापली गेली. किरणांवर जर्मन संगीतकारांची नावे, आणि मध्यभागी बाख. त्या काळचा थोर संगीतकार हायडन याने ती पाहिली आणि त्याला वाईट वाटले नाही, असे सांगतात. हे चित्र म्हणजे आकृती आहे, तिच्यात नाक-डोळे नाहीत, पण पुढच्या शतकाने बाखच्या चेहऱ्याचे जे केले त्याची ती नांदी आहे. माणसाचा सूर्य झाला. सूर्याकडून कोणी कागद हातात घेत नाही.

इथे बाखच्याच जन्मवर्षी, १६८५ मध्ये, लाइप्झिगच्या जवळच हालेमध्ये जन्मलेल्या हँडेलची आठवण अपरिहार्यपणे येते. हँडेलचा संगमरवरी पुतळा १७३८ मध्येच, तो जिवंत असताना, लंडनच्या व्हॉक्सहॉल बागेत उभा राहिला. शिल्पकार रूबिलियाकने त्याला टोपाविना, घरगुती झग्यात, एका पायातली सपाता सुटू पाहते आहे अशा बैठकीत, ग्रीक पुराणकथेतल्या गायक ऑर्फियसची वीणा छेडताना घडवले. लोक तिकीट काढून बागेत येत आणि त्याचेच संगीत ऐकत त्याच्याकडे पाहत. चित्रकार हडसनने त्याची भव्य तैलचित्रे केली, आणि गूपीने १७५४ मध्ये त्याला डुकराचे तोंड लावून ऑर्गनसमोर बसवलेले क्रूर व्यंगचित्रही काढले. हँडेल खाताना, वाजवताना, आळसावताना, चिडवला जाताना आपल्याला दिसतो. बाखच्या वाट्याला यातले काहीच आले नाही, आणि म्हणून त्याचा एकुलता चेहरा हवे ते सोसण्यासाठी मोकळा राहिला. त्याच्या मुलाने एका पत्रात लिहिले आहे की, वडिलांचे घर कबुतरांच्या खुराड्यासारखे सदा गजबजलेले असे, येणाऱ्याजाणाऱ्यांची रीघ लागलेली. ती गजबज कोणी चितारली नाही. १८७० मध्ये टोबी रोझेंथाल या अमेरिकन चित्रकाराने ‘बाखच्या घरची सकाळची प्रार्थना’ रंगवली खरी. बाख वाद्याशी, भोवती मुलेबाळे गाताहेत. पण ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यमवर्गाने स्वतःच्या दिवाणखान्यासाठी काढलेले स्वतःचेच चित्र आहे. वीस अपत्यांपैकी दहा गमावलेल्या घराची सकाळ इतकी नीटनेटकी नसणार.

पुतळ्यांमध्ये मला सर्वांत जवळचा वाटतो तो सर्वांत जुना. १८४३ चा, थॉमस चर्चजवळच्या हिरवळीवरचा, वालुकाश्माचा, एखाद्या दीपमाळेवर कोनाडा कोरावा तसा. त्यात बाख उभा नाही. खांबांवर पेललेल्या लहान देवडीसारख्या भागात त्याचे मस्तक आहे आणि दुसऱ्या बाजूंना ऑर्गन वाजवणारा बाख, मुलांना शिकवणारा बाख अशी उठावचित्रे आहेत. तो उभारला मेंडेल्सझोन या संगीतकाराने. ६ ऑगस्ट १८४० रोजी त्याने थॉमस चर्चमध्ये एकट्याने ऑर्गनवर बाख वाजवून त्यासाठी पैसे जमवले होते. अनावरणाला बाखचा नातू विल्हेल्म फ्रीडरिख एर्न्स्ट उपस्थित होता. त्र्याऐंशी वर्षांचा तो वृद्ध आजोबांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी जन्मलेला, म्हणजे त्यानेही तो चेहरा चित्रातूनच ओळखलेला. बाखला शिकवताना दाखवणारे शिल्प याच स्मारकावर आहे, आणि ते करवून घेणारा स्वतः त्याच वर्षी लाइप्झिगमध्ये संगीतविद्यालय काढणारा माणूस होता, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

त्यानंतरचे पुतळे मोठे होत गेले. आइझेनाखला, त्याच्या जन्मगावी, १८८४ मध्ये शिल्पकार डोनडोर्फचा उभा ब्राँझ बाख आला. लाइप्झिगमध्ये १८९४ साली सेंट जॉन चर्चची नवी बांधणी चालू असताना त्याची बेवारस कबर शोधण्याचे ठरले. चर्चच्या दक्षिण दारापासून सहा पावलांवर त्याला पुरले होते अशी दंतकथा होती आणि ओकच्या पेटीत पुरल्याची नोंद. ओकच्या पेटीत एका वयस्क पुरुषाचा सांगाडा मिळाला. शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म हिसने मृतदेहांच्या चेहऱ्यावर ठिकठिकाणी मांसाची जाडी मोजली, आणि शिल्पकार कार्ल झेफ्नरने कवटीच्या साच्यावर त्या मापांनी माती चढवून मुखवटा केला. तो हाउसमानच्या चित्राशी जुळला, म्हणून सांगाडा बाखचाच, असा निष्कर्ष निघाला. पण झेफ्नरने ते चित्र पाहिलेले होते. हाताला आधीच ठाऊक असलेला चेहरा मातीतून वर आला तर त्यात कवटीचा वाटा किती आणि आठवणीचा किती, हे कसे सांगणार? २००८ मध्ये डंडी विद्यापीठातील तज्ज्ञांनी त्याच कवटीच्या साच्यावरून संगणकाने आखूड पांढऱ्या केसांचा, जाड मानेचा एक टोपाविनाचा बाख तयार केला. तो पाहून मला अस्वस्थ वाटले. चेहरा अगदी खरा दिसत होता, पण त्याच्याजवळ आपल्याला द्यायला काही नव्हते.

झेफ्नरचाच मोठा पुतळा १९०८ पासून थॉमस चर्चच्या अंगणात आहे, आणि पर्यटक बाखसोबत छायाचित्र काढतात ते तिथेच. पाठीमागे ऑर्गन, उजव्या हातात गुंडाळलेला सुरांचा कागद, कोटाचा एक खिसा उलटा बाहेर आलेला. खिसा रिकामा कारण त्याला पैशांची नेहमी चणचण होती, असे वाटाडे सांगतात आणि लोक हसतात. पण मी पाहत राहिले ती हातातली गुंडाळी. त्याच शहरात, शंभर पावलांवरच्या चित्रात जो कागद उलगडून पुढे केलेला आहे, तो शिल्पकाराने मिटून टाकला आणि सेनापतीच्या दंडासारखा त्याच्या मुठीत दिला. एकोणिसाव्या शतकाने बाखला जो सन्मान दिला त्याची हीच किंमत होती, असे मला वाटते.

आणि पुढच्या काळात त्या सन्मानाला आणखी काळी बाजू आली. १९३६ च्या नोव्हेंबरमध्ये नाझींनी लाइप्झिगच्या गेवांडहाउस या संगीतसभागृहासमोरचा मेंडेल्सझोनचा पुतळा रातोरात उखडून नाहीसा केला. बाखला पहिले स्मारक देणारा माणूस ज्यू वंशाचा होता, एवढा गुन्हा त्यांना पुरला. याच वर्षी हाउसमानच्या १७४८ च्या चित्राचा मालक, वाल्टर येंके, जर्मनी सोडून इंग्लंडला निघून गेला. त्याच्या कुटुंबाकडे ब्रेस्लाउमध्ये एकोणिसाव्या शतकापासून ते चित्र होते, आणि ते त्याच्यासोबत देशोधडीला लागले. लाइप्झिगचे १७४६ चे चित्र तोवर अनेकदा वरून रंगवले जाऊन, डागडुजी होऊन थकले होते. बाखचा अधिक स्पष्ट, अधिक ताजा चेहरा मात्र एका निर्वासिताच्या सामानातून सीमा ओलांडून गेला. युद्धाच्या दिवसांत येंकेने ते सुरक्षिततेसाठी डॉर्सेटमधल्या गार्डिनर कुटुंबाच्या घरी ठेवले. त्या घरातला एक मुलगा रोज त्याच्या नजरेखालून जाताना बिचकायचा. त्याच जॉन एलियट गार्डिनरने पुढे २००० सालभर गावोगावी जाऊन बाखचे कँटाटा, म्हणजे चर्चसाठीच्या त्याच्या गायन-वादनाच्या रचना, सादर केले. १९५२ मध्ये ते प्रिन्स्टनच्या विल्यम शाइडेने लिलावात विकत घेतले आणि साठ वर्षे आपल्या बैठकीच्या खोलीत ठेवले. २०१४ मध्ये, शंभर वर्षांचा होऊन, तो गेला तेव्हा त्याने ते लाइप्झिगच्या बाख अभिलेखागाराला देऊन टाकले होते. जून २०१५ मध्ये ते चित्र परतले. मेंडेल्सझोनच्या पुतळ्याची प्रतिकृती त्याआधी २००८ मध्येच थॉमस चर्चसमोर उभी राहिली होती, आणि चर्चच्या आत रंगीत काचेच्या खिडक्यांमध्ये १८९५ च्या बाखसोबत १९९७ पासून मेंडेल्सझोनही आहे. या तारखा मी भाचीला वाचून दाखवत होते तेव्हा ती मध्येच म्हणाली, "मावशी, म्हणजे चेहरा टिकला तो परक्यांच्या घरांमुळे."

विसाव्या शतकातल्या काही चित्रकारांनी चेहरा सोडूनच दिला, आणि माझ्या मते बाखच्या सर्वांत जवळ तेच पोहोचले. ब्राकने १९११-१२ च्या हिवाळ्यात ‘बाखला वंदन’ रंगवले; व्हायोलिनचे तुकडे, तपकिरी-करड्या पातळ्या, आणि त्यांत ठळक अक्षरांत बाखचे नाव. घररंगाऱ्याचे काम शिकलेल्या त्या माणसाला बाखमध्ये कारागीर दिसला असावा. पाउल क्ली तर स्वतः उत्तम व्हायोलिन वाजवीत असे आणि बाख त्याच्या नित्याच्या सरावात होता. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकवताना त्याने बाखच्या एका व्हायोलिन सोनाटातील दोन मापे चौकटींच्या कागदावर रेषांमध्ये उतरवली: स्वर जितका उंच तितकी रेषा वर, जितका दीर्घ तितकी लांब, जितका जोरकस तितकी जाड. मुलांना त्याने ती रेषा डोळ्यांनी गायला शिकवले. हेन्रिक नॉयगेबोरेन याने १९२८ मध्ये बाखच्या एका फ्यूगच्या, म्हणजे एकच सुरावट आवाजांत फिरवत विणलेल्या रचनेच्या, चार मापांचे शिल्पच आखले, एकामागे एक उभ्या राहिलेल्या पट्ट्यांचे. या तिघांनी बाखच्या हातातला कागद घेतला. चित्रातला माणूस पावणेदोनशे वर्षे हात पुढे करून जे सांगत होता, ते त्यांनी ऐकले, असे मला त्या रेषा पाहताना वाटते.

आणि तरीही मी हाउसमानकडेच परत येते. क्लीच्या रेषांमध्ये सूर आहेत, पण ते देणारा हात नाही. पुतळ्यांमध्ये माणूस आहे, पण त्याने मूठ मिटली आहे. हाउसमान हा काही मोठा चित्रकार नव्हता. कोटाचे कापड त्याला छान जमले आहे, बटणे चमकताहेत, हात मात्र जरा ताठ आहे. पण समोर बसलेल्याने जे मागितले ते त्याने प्रामाणिकपणे दिले, आणि डोळे त्याने खरे काढले. बाखचे डोळे आधीपासूनच अधू होते आणि वर्षानुवर्षे रात्री जागून सुरांच्या प्रती करण्याने ते आणखी बिघडले, असे त्याच्या मृत्युलेखात लिहिले आहे; तो मृत्युलेख १७५४ मध्ये छापला तो मिट्स्लरच्याच नियतकालिकात, ज्याच्या सभेसाठी हा कागद लिहिला गेला होता. चित्रात पापण्या किंचित आवळलेल्या आहेत. १७५० च्या वसंतात एका फिरत्या इंग्रज वैद्याने त्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली, दृष्टी गेली, आणि २८ जुलैला बाख गेला. १७४८ च्या चित्रासमोर उभे राहताना हे मनात आल्यावाचून राहत नाही की, ज्याला स्वतःचेच लिहिलेले दिसायला कष्ट पडू लागले होते, त्याने कागद आपल्याकडे वळवून धरला आहे.

भाचीच्या घरी परतल्यावर मी तिला त्या तिन्ही ओळी काढून दिल्या. ती हौशी मेळात व्हायोला वाजवते. सहा आवाज आमच्याकडे नव्हते, दोन होते. "तू खालची ओळ गा, मी तिचं उलटं वाजवते," ती म्हणाली, आणि उलटे स्वर तिने पेन्सिलीने कडेला लिहून घेतले. मोबाइलवर तानपुरा लावला, षड्ज तिच्या तारेशी मिळवून घेतला. पहिल्या वेळी मी नेहमीच्या सवयीने ‘नी’वर थोडी रेंगाळले आणि ती चुकली, तिने गज थांबवला आणि माझ्याकडे पाहिले, कपाळाला बारीकशी आठी घालून. मी पुन्हा सुरू केले, या वेळी मोजून. सा नी ध प. माझा स्वर उतरत होता, आणि एका मापानंतर तिचा व्हायोला खालून चढत वर आला, मला ओलांडून गेला. ग म प सा. शेवटच्या षड्जावर थांबायचे कारण नव्हते, म्हणून मी श्वास घेतला आणि तिथूनच पुन्हा खाली निघाले.